उघड्या दाराची प्रार्थना
(बी. ए. द्वितीय वर्ष)

वार्षिकांकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना फळ्यावर लागली तेव्हा वर्गातील बहुतेकांची नावे ठरलेलीच होती. कुणी महात्मा फुले घेतले, कुणी बाबासाहेब, कुणी आपल्या मातीतले बाबूराव शेडमाके. मी पंडिता रमाबाई हे नाव दिले, तर शेजारच्या मैत्रिणीने विचारले की रमाबाई आंबेडकर की रमाबाई रानडे? तिसरीही एक रमाबाई होऊन गेली, हे मागच्या वर्षापर्यंत मलाही ठाऊक नव्हते. तेव्हा मैत्रिणीला हसण्याचा अधिकार मला नाही.

हे नाव माझ्यापर्यंत कसे आले ते आधी सांगते. माझी धाकटी मावशी कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका लहान गावात राहते. मावसे वारले तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. धानाची दीड एकर बांधी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, एवढ्यावर तिने दोन लेकरे वाढवली. ती शाळेत कधी गेली नाही. गेल्या चार-पाच वर्षांपासून ती दर रविवारी शेजारच्या गावी ख्रिस्ती प्रार्थनेला जाते. आमच्या घरी हे कुणाला फारसे आवडले नाही. पण तिच्या वाईट दिवसांत आपल्यापैकी कोण किती वेळा तिच्या दारी गेले, हे प्रत्येकाला आठवत होते, म्हणून सगळे गप्प राहिले.

मागच्या दिवाळीच्या सुटीत मी तिच्याकडे गेले असता ती मला सोबत घेऊन गेली. टिनाच्या छपराची एक खोली, खाली सतरंजी, तीसेक माणसे, त्यांत बायाच अधिक. आधी गाणी झाली. मग एकाएकी सगळे जण एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागले. कुणी रडत होते, कुणी हात वर करून बोलत होते, कुणाचे कुणाला ऐकू जात नव्हते. माझी मावशी चारचौघांत पदर सावरल्याशिवाय तोंड उघडत नाही. ती गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून हुंदके देत होती आणि तिच्या तोंडून शब्द नव्हे, नुसता कण्हल्यासारखा आवाज येत होता. मी भिंतीला टेकून बसले होते. खरे सांगायचे तर मला लाज वाटली. कॉलेजातले कुणी मला इथे पाहील की काय, असेही मनात येऊन गेले. ज्या गावात एसटी दिवसातून दोनदाच येते, त्या गावात!

नंतर माझी आणखी एक फजिती झाली. मी शिकलेली म्हणून बायांनी मला बायबलमधील एक उतारा वाचून दाखवायला सांगितला. मी न अडखळता वाचला. पण त्यातल्या नीतिमत्त्व या शब्दाचा अर्थ मावशीने विचारला आणि मला तो तिला समजेल असा सांगता आला नाही. मराठी वाङ्मय हा माझा विषय आहे.

सुटी संपल्यावर आमच्या मराठीच्या सरांना मी त्या खोलीतल्या प्रार्थनेविषयी सांगितले. फजितीविषयी नाही सांगितले. ते हसतील असे वाटले होते, पण हसले नाहीत. ग्रंथालयातून पंडिता रमाबाईंचे चरित्र काढून वाच, एवढेच म्हणाले. ते पुस्तक मी परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवून वाचले.

ज्या १८५८ साली चांद्याच्या तुरुंगात बाबूराव शेडमाके यांना फाशी झाली, त्याच वर्षी २३ एप्रिलला, आजच्या कर्नाटकातील पश्चिम घाटात गंगामूळ येथील अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला. विद्वान चित्पावन ब्राह्मणाचे कुटुंब अरण्यात का राहत होते? तर वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले होते. बायकोला देववाणी शिकवणे हा त्या काळी अपराधच होता. शास्त्रीबुवांनी पंडितांपुढे शास्त्रातलेच आधार काढून दाखवले आणि अखेर घर रानात नेले. पुढे रमा शिकण्याजोगी झाली तेव्हा वडील थकले होते, म्हणून आईनेच तिला शिकवले. दिवसा घरकामातून सवड नसे, म्हणून ती पहाटे अंधारातच मुलीला जागी करून कुशीत घेऊन पाठ देई. माझी आईही पहाटेच उठते, पण पाणी भरायला. मला वाटते, रमाबाईंच्या साऱ्या चरित्राचे मूळ त्या पहाटेच्या पाठांत आहे.

कुटुंब अरण्यातून बाहेर पडले आणि तीर्थाटन करत, देवळांतून पुराणे सांगत हिंडू लागले. जमीनजुमला गेला. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा होते नव्हते ते दानधर्मात आणि देवांच्या सेवेत संपून गेले होते. जप, उपास, प्रदक्षिणा सर्व चालू होते आणि पोटात काही नव्हते. शेवटी तिरुपतीच्या बाजूच्या एका रानात मरणाची वाट पाहत हे कुटुंब अकरा दिवस पाणी, झाडांचा पाला आणि मूठभर शिंदीची फळे यांवर राहिले. आपल्याकडे रानात काय खाता येते आणि काय खाता येत नाही हे पोरांना चालता यायला लागले की कळते. या पंडितांच्या घराला मात्र अठरा पुराणे ठाऊक होती आणि रानचा पाला ठाऊक नव्हता. १८७४ साली वडील गेले, त्यांच्या मागोमाग आई आणि थोरली बहीण. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघे पायी हिंदुस्थानभर फिरले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून वाळूत दोन खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. इतके देव आळवले आणि एकानेही ऐकले नाही, हा सल येथपासून रमाबाईंच्या मनात बसला. पुढे त्यांची प्रार्थना बदलली, ती या भुकेतून बदलली, असे माझे मत झाले आहे. केवळ कुणा मिशनऱ्याच्या उपदेशाने ती बदलली, असे म्हणणाऱ्यांनी हे अकरा दिवस वाचलेले नसावेत.

१८७८ साली बहीण-भाऊ कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तिथेच त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती प्रार्थना पाहिली. लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बोलत होते. या दोघांना वाटले, हे लोक खुर्चीची पूजा करतात! हा प्रसंग वाचला तेव्हा मला माझी भिंतीला टेकून बसलेली मूर्ती आठवली.

भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मणेतर होते. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, सर्व गेलेले, कडेवर एक मूल. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांना शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हवेत अशी साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंड गाठले. स्वतः डॉक्टर होण्याचा बेत होता, पण कानांनी दगा दिला. त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ झाला. पण गंमत अशी की ज्यांच्या धर्मात त्या गेल्या, त्यांनाही त्या सुखाने झोपू देईनात. मठातल्या भगिनींनी सांगावे आणि यांनी मान हलवावी, असे झाले नाही. जे पटेल तेच मानीन, बिशपच्या अधिकारापुढे माझी सदसद्विवेकबुद्धी गहाण ठेवणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. तेथून अमेरिकेला जाऊन त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई.

आता त्या दाराची गोष्ट, जिच्यावरून मी लेखाला नाव दिले. सदनात धर्माच्या बाबतीत कुणावर सक्ती नव्हती. हिंदू मुली आपले सोवळे, आपली पूजा पाळत. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत, पण दार लावून घेत नसत. हळूहळू काही मुली येऊन दाराशी, मग आत बसू लागल्या. पुण्यात बातमी गेली. केसरीने तोफ डागली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंना सांगण्यात आले होते की दार लावा म्हणजे झाले. त्यांनी लावले नाही.

या वादाबाबत वाचकांनी माझ्यावर रागावू नये. मला दोन्ही बाजूंचे थोडेथोडे पटते. ज्याने विश्वासाने विधवा लेक सदनात ठेवली, त्या बापाला फसल्यासारखे वाटले असेल. आईच्या जागी असलेली बाई जे करते ते मुलींना करावेसे वाटणारच, त्याला सक्ती लागत नाही. पण दुसरीकडून पाहिले तर, जिने रानात पाला खाऊन देव शोधला, तिने स्वतःच्याच घरात देवाचे नाव चोरून घ्यावे काय? मी वसतिगृहात राहते. आमच्या खोलीत एक जण हनुमान चालीसा म्हणते, एक बुद्धवंदना घेते, कुणी दार लावत नाही. तरी त्या काळच्या पुण्याची गोष्ट वेगळी होती, हे मान्य केले पाहिजे.

रमाबाईंच्या स्वतःच्या मनातही या काळात उलथापालथ चालू होती. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नाही. पुस्तकातल्या प्रार्थना तोंडपाठ होत्या. पुराणांचे श्लोकही एके काळी तसेच तोंडपाठ होते. मग फरक काय पडला? या प्रश्नातून त्या पवित्र आत्म्याच्या चालवण्याने होणाऱ्या प्रार्थनेकडे वळल्या. ख्रिस्ती शास्त्रात अशी एक कल्पना आहे की काय मागावे हे माणसाला कळत नाही, तेव्हा आत्माच त्याच्या आत राहून त्याच्यासाठी विनवणी करतो आणि त्या वेळी शब्द नसले, नुसते कण्हणे असले, तरी चालते. हे मला वाचून समजले. मावशीला ते कुणी वाचून दाखवले होते की नाही, कोण जाणे.

१८९५ साली लोणावळ्याच्या एका शिबिरास रमाबाई आपल्या पंधरा ख्रिस्ती मुलींसह गेल्या होत्या. तेथे त्यांनी प्रार्थना केली की या पंधराचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस. गणिताची अशी प्रार्थना मी दुसरीकडे वाचलेली नाही. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपला चांदा जिल्हा, म्हणजे आजचा चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही, तेव्हा मध्य प्रांतातच होता. ज्या भुकेने आपले घर खाल्ले तीच भूक पुन्हा आली, हे ओळखून रमाबाई मध्य प्रांतात उतरल्या. हाडांचे सापळे झालेल्या, दलालांच्या हाती पडू पाहणाऱ्या मुली आणि बाया त्यांनी गोळा केल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या गेल्या, शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना सुरू झाला. मनोरमेने आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवली. शारदा सदनात उच्चवर्णीय विधवा होत्या, इथे सर्व जातींच्या, बहुतेक निरक्षर, शेतकरी आणि मजूर घरच्या मुली होत्या. आमच्यासारख्या घरच्या, असे म्हणायला हरकत नाही.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी केडगावला विशेष प्रार्थनेचा एक गट सुरू केला. वेल्स देशात मोठी धर्मजागृती झाल्याच्या बातम्या येत होत्या आणि मनोरमा व मिनी अब्राम्स या सहकारिणी त्याआधी ऑस्ट्रेलियात जाऊन तेथील प्रार्थनामंडळे पाहून आल्या होत्या. प्रथम सत्तरेक जणी रोज जमत. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या अंगावर अग्नी उतरल्यासारखे वाटले. तिच्या खोलीतली दुसरी मुलगी ते पाहून घाबरून पाण्याची बादली आणायला धावली आणि परत येऊन पाहते तर ती जळत नव्हती, अशी हकीगत त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीप्रमाणे शांतपणे शास्त्र समजावून सांगत असताना मुली रडू लागल्या, आपापल्या चुका कबूल करू लागल्या आणि शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. हे दिवसचे दिवस चालले. शाळेचे वर्ग प्रार्थनेचे वर्ग झाले. पुढच्या वर्षी काही मुली अनोळखी भाषांतही प्रार्थना करू लागल्या. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे १९०६ मध्ये जी प्रसिद्ध पेंटेकोस्टल चळवळ उसळली, तिच्या आधीच केडगावात हे सुरू झाले होते. मिनी अब्राम्स यांची यावरची पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिली देशात एका मैत्रिणीकडे गेली आणि १९०९ मध्ये तिथेही अशीच जागृती झाली. केडगावच्या दुष्काळी पोरींच्या रडण्याचा आवाज किती दूर गेला!

ही बातमी बाहेर गेली तेव्हा सुशिक्षित लोकांनी, त्यात गोरे मिशनरीही आले, नाके मुरडली. हा उन्माद आहे, हा असभ्यपणा आहे, प्रार्थना शांतपणे आणि एकेकाने करायची असते. येथे मी पुस्तक खाली ठेवले होते, कारण ते नाक माझेच होते. रमाबाई कोण होत्या? संस्कृतच्या पंडिता, इंग्रजीत ग्रंथ लिहिणाऱ्या, चेल्टनहॅमच्या कॉलेजात राहून आलेल्या. त्यांना लाज वाटायला सर्वांत जास्त कारण होते. पण त्यांनी त्या मुलींची बाजू घेतली. पाश्चात्य चालीरीतीप्रमाणेच आपल्या लोकांनी रडावे आणि हसावे असा आग्रह कशासाठी, इथल्या माणसांना आपल्या रीतीने देवापुढे बोलू द्या, अशी त्यांची भूमिका होती. आणि त्यांनी डोळेही मिटून घेतले नाहीत. अनोळखी भाषा बोलली तीच खरी भक्त आणि जिला ती आली नाही ती कमी, असे त्यांनी मानले नाही. मुलीचे वागणे प्रेमळ झाले का, ती दुसरीच्या उपयोगी पडते का, हे त्या पाहत. प्रार्थना करणाऱ्या मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या, आणि दळण, शेत, छापखाना हेही थांबले नाही.

याच सुमारास त्यांनी आणखी एक काम हाती घेतले. प्रचलित मराठी बायबल त्यांच्या मुलींना कळत नव्हते. शब्द जड, संस्कृत वळणाचे. म्हणून पन्नाशीच्या आसपासच्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सगळे बायबल खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत उतरवायला घेतले. जिला हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत होते तिने संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढावेत! सुमारे सतरा-अठरा वर्षे हे काम चालले. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी मुक्तीतल्या मुलींनी केली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. तिच्यावरच पुढचा सर्व भार टाकायचा होता. रमाबाई खचल्या, तरी मुद्रिते तपासत राहिल्या. शेवटची मुद्रिते संपेपर्यंत थोडे दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली होती, असे सांगतात. काम संपले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचा अंत झाला. ते बायबल छापून पूर्ण झाले ते त्यांच्या मागे.

संक्रांतीला मी पुन्हा मावशीकडे गेले होते. रात्री चुलीपाशी बसून मी तिला ही सगळी हकीगत सांगितली, रान, वाळूतले खड्डे, खुर्च्यांचा गैरसमज, उघडे दार. केडगावच्या मुली सगळ्या एकदम मोठ्याने प्रार्थना करीत, हे ऐकून तिला नवल वाटेल असे मला वाटले होते. तिला काही नवल वाटले नाही. तिने एवढेच विचारले की त्या बाईने दोन हजार पोरींना रोज खायला काय घातले असेल. मला जेवढे माहीत होते तेवढे, म्हणजे शंभरेक एकर जमीन, विहिरी, तेलघाणा, दुरून येणारे पैसे, मी तिला सांगत बसले. तिने मध्येच विहिरी किती होत्या ते विचारले. तेवढे मी लिहून घ्यायला विसरले होते.